न्हाणीतल्या गीझरची कॉईल : कामाच्या नोंदी

१ डिसेंबर २०२४, रविवार

घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं. तळमजला आमचा, वर भाडेकरू. गीझर न्हाणीत भिंतीवर, उभा, १५ लिटरचा, २००० वॅटचा, २०१६ साली घेतलेला. आज सकाळी लावल्यावर बारा मिनिटांनी खालच्या मजल्याची सगळी लाईट गेली. बोर्डापाशी जाऊन बघितलं तर एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारे खटके, सगळे जागेवर, आरसीसीबीचा, म्हणजे विजेची गळती पकडणारा खटका तेवढा खाली आलेला. वर केला, लाईट आली. गीझर परत लावला, नऊ मिनिटांत परत तेच.

दिवाळी झाल्यावर आम्ही सगळ्या घराची वायरिंग नवीन करून घेतली. लाकडी बोर्डावर चिनी मातीचे फ्यूज होते, ते गेले. दोन्ही मजल्यांना ३० मिलिअँपिअरची वेगवेगळी आरसीसीबी बसली आणि मागच्या परड्यात अर्थिंगचा नवीन खड्डा झाला. त्यामुळं आज घरात सगळ्यांचं मत एकच, आठ वर्षं बिनतक्रार चाललेला गीझर नव्या वायरिंगनं बिघडवला. मलाही तसंच वाटलं.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन. ऑक्टोबरमध्ये आई दोनदा म्हणाली होती, "गरम पाण्याच्या नळाला हात लावला की मुंग्या येत्यात रं." मी टेस्टर लावून बघितला होता. दिवा मंद पेटल्यासारखा वाटला. न्हाणीत ओल असते, त्यानं असेल म्हणून सोडून दिलं. सोडायला नको होतं.

गीझरचा प्लग काढून ठेवलाय. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटण फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो.

२ डिसेंबर, सोमवार

ज्यांनी वायरिंग केली त्यांनाच बोलावलं. संध्याकाळी आले, प्लग लावला, सात-आठ मिनिटांत आरसीसीबी पडली. म्हणाले, "दादा, हे लई नाजूक असतंय. गीझर असला की पडणारच. गीझरची अर्थची वायर सोडून देतो, परत पडायचं नाही."

मी नको म्हणालो.

"वरच्या मजल्याला बघा की. तिथंबी तसलाच गीझर हाय. पडतंय का एकदा तरी?"

त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तरी हात लावू दिला नाही. माणूस कामाचा चांगला आहे. आमची वायरिंग त्यानं सुबक केलीय, प्रत्येक सर्किटला नाव लिहिलंय. म्हणूनच त्याच्या तोंडून हे ऐकून जास्त काळजी वाटली.

आरसीसीबी करते काय, तर फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत पडताळून बघते. दोन्ही सारखे असले की तिचं काही म्हणणं नसतं, मग गीझर दोन हजार वॅटचा असो नाहीतर दहा वॅटचा बल्ब. गेला तेवढा परत आला नाही, म्हणजे मधेच कुठून तरी जमिनीकडं निघाला, तरच ती पडते. ३० मिलिअँपिअरची असेल तर १५ ते ३० च्या दरम्यान कुठंतरी पडते. हा आकडा उगीच धरलेला नाही. एवढ्यापेक्षा जास्त करंट माणसाच्या छातीतून काही क्षण गेला तर हृदयाचा ठेका बिघडू शकतो. गीझरची अर्थ वायर सोडली तर गळणाऱ्या करंटला जमिनीकडं जायची सोपी वाट उरत नाही आणि आरसीसीबी गप्प राहते. करंट गळायचा थांबलेला नसतो. तो टाकीच्या पत्र्यावर, पाण्यात, नळाच्या पितळेत वाट बघत बसतो. ती वाट मग नळाला ओला हात लावून ओल्या फरशीवर उभ्या राहिलेल्या माणसातून मिळते. आरसीसीबी तेव्हाही पडेल, पण त्या माणसाच्या अंगातून करंट गेल्यावर.

आईच्या मुंग्यांचा अर्थ आज लागला. वायरिंग काढताना न्हाणीच्या जुन्या पॉइंटची अर्थ वायर गिलाव्यात तुटलेली सापडली होती. टोक हिरवं पडलं होतं, हातात घेतल्यावर भुगा झाला. गीझर तेव्हाही गळत होता. जमिनीकडं वाट नव्हती म्हणून तो आईच्या हाताला लागत होता, आणि जुन्या फ्यूजला एवढ्याशा करंटचा पत्ता लागणंच शक्य नव्हतं. नव्या अर्थिंगनं वाट करून दिली आणि आरसीसीबीनं पहिल्यांदा सांगितलं. हे सगळं अजून माझं अनुमान आहे. मोजून बघायचंय.

३ डिसेंबर, मंगळवार

आधी वायरिंग खरी की खोटी हे बघून घेतलं. न्हाणीच्या त्याच १६ अँपिअरच्या सॉकेटवर हजार वॅटची इस्त्री लावली, अर्धा तास. काही झालं नाही. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबलं, लगेच पडली, म्हणजे यंत्रणा चालू आहे. (या बटणानं अर्थिंगची परीक्षा होत नाही. ते आतल्या आतच खोटी गळती तयार करतं.) सॉकेटच्या अर्थच्या भोकापासून गीझरच्या बॉडीपर्यंत मीटरनं बघितलं, ०.४ ओहम.

सॉकेट बरोबर, अर्थ बरोबर, आरसीसीबी बरोबर. दोष गीझरच्या आत.

५ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आईला पहाटे अंघोळ करून पूजा मांडायची होती. काल रात्री माळ्यावरून तांब्याचा बंब उतरवला. आईनं चिंच लावून घासला, पहाटे परड्यात सुताराकडच्या ढलप्या आणि करवंट्या घालून पेटवला. वीसेक मिनिटांत पाणी कढत. आई खूश. "आरं, ह्याला काय झालंय? गीझर आल्यापासनं उगीच टाकून दिला."

तिला १४ तारखेला, दत्तजयंतीला, नरसोबाच्या वाडीला पहिल्या एसटीनं जायचंय. पहाटे साडेतीनला अंधारात, थंडीत तिला बंब पेटवायला लावणार नाही. तोवर गीझर झाला पाहिजे.

७ डिसेंबर, शनिवार

ऑफिसला सुट्टी. प्लग काढून गीझरचं खालचं झाकण उघडलं. आत असतं ते फार नाही. मध्ये गोल फ्लँज, म्हणजे टाकीचं तोंड बंद करणारी चकती, पाच नटांनी आवळलेली. फ्लँजमधून बाहेर आलेल्या कॉईलच्या दोन पिना. नळीत खोचलेला थर्मोस्टॅट, शेजारी कटआऊट (पाणी फारच तापलं तर वीज तोडणारा), दोन दिव्यांच्या वायरी. वायरी सोडवायच्या आधी मोबाईलवर फोटो काढले आणि फेजच्या पिनेला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला.

कॉईलचं गणित सोपं आहे. २३० चा वर्ग भागिले २००० म्हणजे २६.४५ ओहम. मीटरनं दोन पिनांमध्ये २६.९ दाखवले. तार तुटलेली नाही, आतल्या आत शॉर्टही नाही. मग मीटर बझरवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो) ठेवून एक टोक पिनेला आणि एक बॉडीला लावलं. बझर वाजला नाही. कॉईल चांगली, असं वहीत लिहिलं आणि थर्मोस्टॅटवर संशय घेतला. लक्ष्मीपुरीतून २८० रुपयांचा नवीन आणला, बसवला, झाकण लावलं.

संध्याकाळी चार मिनिटांत आरसीसीबी पडली. रविवारी बारा मिनिटं लागली होती.

८ डिसेंबर, रविवार

कालची चूक इथं सविस्तर लिहितो, कारण हीच चूक पुष्कळ लोक करत असणार.

माझ्या मीटरचा बझर पन्नासेक ओहमच्या खाली वाजतो. आरसीसीबी पाडायला लागते फार तर ३० मिलिअँपिअरची गळती, म्हणजे २३० व्होल्टला साधारण ७६०० ओहमची वाट. एवढी बारीक गळती बझरला ऐकूच येणार नाही. बझर वाजला नाही याचा अर्थ पूर्ण शॉर्ट नाही, एवढाच. कॉईल निर्दोष आहे असं त्यानं कधीच सांगितलं नव्हतं, ते मी माझ्या मनानं ठरवलं. तीच गत २६.९ ओहमची. ते मोजमाप आतल्या तारेचं आहे. तारेभोवतीच्या भुकटीबद्दल आणि वरच्या नळीबद्दल त्यात एक अक्षर नाही.

सकाळी शेजारचे मामा आले, वीज मंडळातून निवृत्त झालेले. मी काल काय केलं ते सांगितल्यावर म्हणाले, "गार कॉईल मोजलीस व्हय? ताप आलेल्या माणसाला ताप उतरल्यावर थर्मामीटर लावून काय कळणार?" घरी जाऊन त्यांचा हाताचा मेगर घेऊन आले. काळी चौकोनी पेटी, बाजूला घडीचा दांडा, ५०० व्होल्टचा. साधा मीटर नऊ व्होल्टच्या बॅटरीवर इन्सुलेशन बघतो. हा दांडा फिरवून स्वतः ५०० व्होल्ट तयार करतो, त्यामुळं खऱ्या दाबाला इन्सुलेशन टिकतं का ते कळतं.

आधी गार असताना मोजलं. थर्मोस्टॅट आणि दिव्यांच्या वायरी सोडवून, एक टोक कॉईलच्या पिनेला, एक टाकीच्या बॉडीला. मामांनी दांडा एका लयीत फिरवला. काटा एक मेगओहमच्या (दहा लाख ओहमच्या) अलीकडंच थांबला. वायरी परत जोडल्या, झाकण लावून प्लग घातला आणि आरसीसीबी पडेपर्यंत थांबलो. तीन मिनिटं. प्लग काढला, झाकण उघडलं, वायरी सोडवल्या, दांडा फिरवला. काटा शून्याकडं असा झोपला की मामांनी दांडा थांबवून तारा परत लावून बघितल्या. परत तेच. मग माझा मीटर लावला. ९ ते १२ किलोओहम, आकडा हलता. अकरा धरले तर २३० भागिले ११००० म्हणजे जवळजवळ २१ मिलिअँपिअर. १५ ते ३० च्या बरोबर मध्ये.

मामांनी दांडा मिटवला, म्हणाले, "नळी फुटलीया."

कॉईल म्हणजे वरून दिसते ती नळी, तार आत असते. निक्रोमच्या तारेचा बारीक स्प्रिंग, भोवती मॅग्नेशियम ऑक्साईडची पांढरी भुकटी घट्ट ठासलेली, त्यावर तांब्याची नाहीतर स्टीलची नळी. ही भुकटी उष्णता बाहेर जाऊ देते, वीज अडवते. पण कोरडी असेल तोवरच. नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी भुकटी पाणी ओढून घेते. नळी तापून प्रसरण पावली की चीर उघडते, पाणी आत सरकतं, गळती वाढते. रोज थोडं आणखी पाणी. म्हणूनच बारा मिनिटांची चार झाली आणि चारची तीन.

मग टाकी रिकामी केली. वरच्या टाकीचा कॉक बंद, न्हाणीतला गरम पाण्याचा नळ उघडा, म्हणजे हवा आत शिरते, आणि गार पाण्याची पाईप सोडून खाली बादली. सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलल्याशिवाय पाणी धड येत नाही, त्यात उलटं पाणी अडवणारी झडप असते. तळाशी दीडेक लिटर राहतंच. १३ नंबरचे पाच नट शेवटी सोडले तेव्हा ते बाहीतून काखेपर्यंत आलं.

फ्लँज सरळ निघेना. क्षाराच्या पोपड्यांत कॉईल अडकली होती. हळूहळू फिरवत अर्ध्या तासानं काढली. नळीवर करड्या रंगाचं जाड कवच, काही ठिकाणी करंगळीएवढं. तोंडावरून हात घातला तर टाकीच्या तळाला खडीसारखा ढीग. सगळा परातीत काढून वाळवला आणि किचनमधल्या काट्यावर ठेवला, ६४० ग्रॅम.

हा सगळा बोअरच्या पाण्याचा प्रताप. महानगरपालिकेचं पाणी कमी पडलं की आम्ही बोअर चालू करून वरच्या टाकीत सोडतो, वर्षातून निम्मे दिवस. कोल्हापूरच्या काळ्या पाषाणातून मुरून आलेलं पाणी, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हा चुना उलट. पाणी तापलं की बाहेर पडतो, आणि सगळ्यात गरम जागा कॉईलची नळी, म्हणून सगळ्यात आधी तिच्यावर बसतो.

मॅग्नेशियमची कांडी, जिला दुकानदार अ‍ॅनोड रॉड म्हणतात, ती तर उरलीच नव्हती. नुसती लोखंडी तार आणि तिच्यावर दोन-तीन गाठी. टाकीच्या आतल्या काचेच्या अस्तराला बारीक चिरा पडतात, तिथं पोलाद गंजू नये म्हणून ही कांडी स्वतः झिजते. आमच्यासारख्या पाण्याला ती दरवर्षी उघडून बघायला हवी. आम्ही आठ वर्षांत एकदाही बघितली नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

ऑफिसमधून येताना शाहूपुरीत कॉईल घेतली. जुनी बरोबर न्यायचा कंटाळा केला, फोटो दाखवला. २००० वॅट, पाच भोकं, सगळं जुळत होतं. घरी येऊन लावून बघितली तर थर्मोस्टॅटची नळी कॉईलच्या आतल्या बाजूला हवी, ती बाहेरच्या बाजूला. टाकीच्या तोंडातून आतच जाईना. फेरी फुकट.

११ डिसेंबर, बुधवार

जुनी कॉईल गोणपाटात गुंडाळून नेली. दुकानदारानं कालची मुकाट्यानं परत घेतली, जुनी काउंटरवर आडवी ठेवली, तिच्याशेजारी एकेक नवीन ठेवत गेला, पाचवी जुळली. फ्लँजचा व्यास, भोकांमधलं अंतर, नळीची लांबी, वाकण, थर्मोस्टॅटच्या नळीची जागा, पिनांची जाडी. वॅट सगळ्यात शेवटी. कॉईल ६५० रुपये, कांडी १८०, रबरी गॅस्केट ६०.

"तांब्याची देऊ की स्टीलची?" असं त्यानं विचारलं. बोअरचं पाणी आहे म्हटल्यावर त्यानं स्वतःच स्टीलची पुढं केली. दोनशे रुपये जास्त पडले असते तरी घेतली असती.

बांधून देताना म्हणाला, "फरशीचं अ‍ॅसिड घालू नका हां टाकीत. लई लोक घालतात." त्यानं हे न विचारता सांगितलं, याचं मला फार बरं वाटलं. ते अ‍ॅसिड काचेच्या अस्तराच्या चिरांतून पोलाद खातं. टाकी स्वच्छ दिसते आणि काही महिन्यांत गळायला लागते.

१२ डिसेंबर, गुरुवार

रात्री साडेआठ ते साडेअकरा.

टाकीच्या आतला राहिलेला क्षार लिंबूसत्त्वानं काढला. काल रात्रीच फ्लँज तात्पुरती बसवून टाकीत कोमट पाणी आणि मूठभर लिंबूसत्त्व घालून ठेवलं होतं. आज सोडलं तर दुधाळ पाणी आलं. तीनदा धुतलं. आत खरवडायला लोखंडाचं काही वापरलं नाही, लाकडी उलथन्याला फडकं बांधलं.

फ्लँज जिथं टेकते ती कड मात्र पाऊण तास घासली. इथं क्षाराचा एक कण राहिला तरी गॅस्केट बसत नाही आणि पाणी थेंबथेंब पिनांवर येतं. बोट फिरवून बघायचं, डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही. नवीन गॅस्केट, कांडी फ्लँजवर आवळली, कॉईल आत सरकवली. पाचही नट आधी हातानं, मग पान्यानं थोडे थोडे, एक आवळला की त्याच्या समोरचा. एकाच बाजूनं आवळत गेलं तर गॅस्केट एका अंगाला फुगतं.

वायरी जोडायच्या आधी मामांना हाक मारली. जेवण सोडून आले. मेगरचा काटा या वेळी पार दुसऱ्या टोकाला, अनंताच्या खुणेवर. पिनांमध्ये २६.२ ओहम.

मग पाणी. गरम नळ उघडा ठेवून गार पाण्याचा कॉक सोडला. आधी नळातून हवा फुसफुसली, मग अडखळत पाणी आलं, मग सलग धार. सलग धार येईपर्यंत प्लगला हात लावायचा नाही. रिकाम्या टाकीत कॉईल लावली तर उष्णता ओढून घ्यायला पाणी नसतं आणि नवी कोरी कॉईल मिनिटभरात जळू शकते. टाकी भरल्यावर फ्लँजखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद धरून वीस मिनिटं बसलो. एक थेंब नाही.

अर्थची वायर सगळ्यात आधी जोडली. तिचा लग (टोकाला चेपलेली धातूची कडी) जुना होता, कापून नवीन चेपला, खाली दातेरी वायसर घातला. ओढून बघितली.

११ वाजून ०४ मिनिटांनी चालू केला. मामांनी क्लँप मीटर लावला, ८.६ अँपिअर. पाणी २२ अंशांवर होतं, थर्मोस्टॅट ६० वर. दोघंही न्हाणीच्या दारात उभे होतो, मी आरसीसीबीकडं बघत, ते घड्याळाकडं. तीन मिनिटं गेली. बारा गेली. ११ वाजून २५ मिनिटांनी थर्मोस्टॅट टिक करून बंद झाला आणि दिवा विझला. २१ मिनिटं. १५ लिटर पाणी ३८ अंशांनी वाढवायला २००० वॅटला हिशोबानं २० मिनिटं लागतात.

एक गोष्ट मला वेगळी वाटली होती ती इथं दुरुस्त करतो. क्षार बसला की पाणी उशिरा तापतं आणि वीज जास्त जाते असं सगळे म्हणतात, मीही म्हणायचो. गेल्या हिवाळ्यात वेळ लावली होती, वहीत २२ मिनिटं आहेत. फरक नसल्यासारखाच. नीट विचार केला तर बरोबरच आहे. कॉईल पाण्यात बुडालेली, उष्णता जाणार कुठं? शेवटी पाण्यातच जाते. पण त्या कवचातून बाहेर पडायला कॉईलला स्वतः खूप जास्त तापावं लागतं. क्षाराची किंमत बिलात फारशी दिसत नाही, ती नळी भरते, आणि नळी फुटली की पाण्याला हात लावणारा माणूस.

१४ डिसेंबर, शनिवार, दत्तजयंती

पहाटे साडेतीनला आईची अंघोळ झाली. मी जागाच होतो. न्हाणीतून बाहेर आल्यावर विचारलं, मुंग्या? "नाही की रं." पावणेपाचच्या एसटीला बसवून आलो.

१७ डिसेंबर, मंगळवार

उद्यमनगरात मित्राचा लेथ आहे. संध्याकाळी त्याच्याकडं जुनी कॉईल नेली. कवच हातोडीनं फोडल्यावर नळीवर, लाल ठिपक्याच्या पिनेपासून चार बोटांवर, केसाएवढी आडवी चीर दिसली, जेमतेम सहा मिलिमीटर लांब. भोवतीचं तांबं काळपट-जांभळं, जास्त तापल्याचा रंग. बाकी नळीवर तो रंग कुठं नव्हता, नेमकं तिथंच कवच सगळ्यात जाड होतं.

मित्रानं हॅकसॉनं दोन जागी कापली. न्यूट्रलच्या बाजूला भुकटी रांगोळीसारखी पांढरीशुभ्र, टिचकी मारली की सांडते. चिरेपाशी राखाडी, ओला लगदा, नखाला चिकटणारा. मधून निक्रोमचा स्प्रिंग अखंड, चकचकीत. २६.९ ओहम तो स्प्रिंग सांगत होता, आणि खरंच सांगत होता.

दोन्ही तुकडे काचेच्या बरणीत ठेवलेत.

२२ डिसेंबर, रविवार

वरच्या वहिनी सकाळी आईकडं विरजण मागायला आल्या. बरणी टेबलावर होती, हे काय म्हणून विचारलं. मी सांगत गेलो आणि त्या सहज म्हणाल्या, "आमचंबी पडत होतं की दादा, वायरिंग झाल्यावर दोन-तीन दिवस. मग वायरिंगवाल्यांनी येऊन नीट करून दिलं."

मी हातातला कप खाली ठेवला. काय नीट करून दिलं, विचारलं. ते त्यांना माहीत नव्हतं. पाच मिनिटांचं काम होतं म्हणाल्या.

लगेच वर गेलो. प्लग काढून झाकण उघडलं. हिरवी वायर टर्मिनलपासून सोडलेली, टोकाला काळी टेप व्यवस्थित गुंडाळलेली आणि वायर बाजूला वळवून ठेवलेली. त्यांची तीन वर्षांची मुलगी न्हाणीच्या दारात उभी राहून बघत होती, नुकतीच अंघोळ झालेली, केस ओले.

टेप काढली, टोक सोललं, लग चेपला, अर्थ जोडली. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघितलं, पडली, वर केली. मग प्लग घालून गीझर चालू केला आणि मुलीला वहिनींकडं दिलं.

दुसऱ्या मिनिटाला वरच्या मजल्याची लाईट गेली.

प्लग काढून बरोबर खाली आणलाय. मामांना मेगर घेऊन चार वाजता बोलावलंय. बंब वर नेऊन दिला.